हत्तीची सोंड आणि पंचवीस झेंडू

सांगा बरं, माजावर आलेल्या हत्तीची सोंड कुठवर पोचते, हे त्याच्या जवळ न जाता कसं मोजाल?

कुसुंबगडच्या राजवाड्यासमोर मोठ्या चौकोनी फरश्यांचा चौक होता. मधोमध खुंट्याला राजाने आपला लाडका हत्ती बांधला. पहिल्याच दिवशी हत्तीने साखळी ताणली, सोंड लांबवली आणि अगदी टोकाने प्रधानजींची पगडी उचलली! ती जागा होती खुंट्यापासून तीन फरश्या पूर्वेला आणि तिथून चार फरश्या उत्तरेला.

"तीन नि चार सात!" प्रधानजी बोडक्या डोक्याने ओरडले. "महाराज, हत्ती चहूकडे सात फरश्या पोचतो. ती येसू माळीण खुंट्याच्या सरळ दक्षिणेला सहा फरश्यांवर बसते. तिचं दुकान उचला!"

येसू धावत आली. "महाराज, देवळाची वाट तिथूनच जाते. ती जागा गेली तर माझी फुलं कोण घेणार? हत्ती तिथवर पोचत नाही!"

राजा हट्टी. "मग दाखव सिद्ध करून! दोरी लावायची नाही, खुंट्याजवळ जायचं नाही."

"अहो प्रधानजी," येसू म्हणाली, "हा काय बुद्धिबळाच्या पटावरचा हत्ती आहे? आधी पूर्वेला, मग उत्तरेला, असा नाही जात हा. खुंट्यापासून थेट तिरका ताणतो!"

"मग ते तिरकं अंतर किती?" राजाने विचारलं.

येसूने पाटीतले झेंडू ओतले. एकेका फरशीवर एकेक फूल ठेवत तिने तीन ओळींत तीन-तीन मांडले. "हे पूर्वेचे नऊ." शेजारी चार ओळींत चार-चार. "हे उत्तरेचे सोळा. आता सगळ्यांचा मिळून एकच चौकोन करते. त्याची एक बाजू म्हणजेच ते तिरकं अंतर!" पाच ओळींत पाच-पाच फुलं बसली. एक उरलं नाही, एक कमी पडलं नाही!

"सोंडेची पोच पाच फरश्या! कुठल्याही बाजूला मोजा, महाराज. आडव्या फरश्यांचा एक चौकोन, उभ्या फरश्यांचा दुसरा. दोन्हींना मिळून पंचवीस फुलं लागली, की तिथे सोंडेचं टोक. माझ्या दुकानाला तर सहा सक छत्तीस लागतात!"

"आणि हिशेब चुकला तर?"

"तर हत्ती मलाच उचलेल!" येसूने हत्तीला भुलवायला त्याच्या चाऱ्यातला एक ऊस मागून घेतला आणि जाऊन दुकानात बसली.

हत्तीने साखळी ताणली. सोंड आली, आली... आणि एक फरशी अलीकडेच थांबली! तिच्या फुंकरीने हार हलले. येसू हलली नाही.

"महाराज, आता हा ऊस त्याला द्या," ती म्हणाली. "बिचाऱ्याने माझ्या बाजूने साक्ष दिली!"

राजा पोट धरधरून हसला. त्याने ती जागा कायमची येसूच्या नावे केली आणि राजवाड्याच्या रोजच्या हारांचं कामही तिलाच दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रधानजी लांब काठीला कुंचला बांधून, फुलं मोजत मोजत, हत्तीभोवती चुन्याचं गोल रिंगण आखत होते.