पाटावरचे पागोटे

कोणे एके काळची ही गोष्ट. माघ महिना होता. दिवस कासराभर वर आला होता. त्या वेळी एका राज्याच्या न्यायमंडपाचे छत कोसळले. छताखाली तीनशे माणसे असायची होती. एकच होता. खरे म्हणजे तोही असायला नको होता.

हे कसे घडले ते पोरांनी ऐकावे आणि थोरांनीही ऐकावे. थोरांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावे.

त्या राज्याचा राजा अजून लहान होता. कारभार सात जणांची सभा पाहायची. सभेचा प्रमुख होता प्रधान. दर चार वर्षांनी सभा एका म्हाताऱ्या सुताराला बोलावून न्यायमंडपाची तपासणी करवून घ्यायची. मंडप एकशे दहा वर्षांचा होता. दगडी भिंती, सागवानी खांब, वर कडीपाटाचे रंगीत छत. सणासुदीला त्या छताला नवा रंग मिळायचा, त्यामुळे ते नेहमी कालच बांधल्यासारखे दिसायचे.

त्या वर्षी सुतार आला तो सुनावणीच्या आठ दिवस आधी. त्याची शिडी धरायला मंडपाचा चोपदार उभा राहिला. दोघे एकाच आळीत वाढलेले.

"सावकाश चढ रे गड्या," चोपदार म्हणाला. "तुझी हाडं मंडपापेक्षा जुनी आहेत."

"जुनी आहेत, पण रंगवलेली नाहीत," सुतार म्हणाला.

त्याने भिंतींना ओळंबा लावला. भिंती सरळ होत्या. पाया कोरडा होता. खांब ठणठणीत वाजले. मधली तुळई त्याने मध्यावर ठोकली, तिचाही आवाज चांगला आला. चार वर्षांपूर्वी तो इथेच थांबला होता आणि 'पक्का' म्हणून खाली उतरला होता. या वेळी त्याला भिंतीवर, तुळई जिथे आत शिरते तिथे, पाण्याचा जुना पिवळा ओघळ दिसला. त्याने तिथे पटाशी लावली. हातोडा मारायची गरजच पडली नाही. पटाशी मुठीपर्यंत आत गेली आणि पिवळा भुसा भुरभुर खाली पडला.

चोपदाराने आपले पांढरे पागोटे झटकले. "काय रे हे, अक्षता टाकतोस की काय माझ्यावर?"

"अक्षता नाहीत गड्या. ही तुळई आहे."

सुतार शिडीवरच बसून राहिला. वाळवीने लाकूड आतून खाल्ले होते आणि रंगाचे साल तेवढे बाहेर ठेवले होते. हे दुखणे चार वर्षांचे नव्हते, त्याआधीचे होते. म्हणजे मागच्या खेपेला तो ज्याला पक्के म्हणाला, ते तेव्हाही पोकळच होते.

आता त्या राज्यातली एक रीत सांगायला हवी. मंडप बांधणाऱ्या राजाने ती घालून दिली होती. माणसाच्या खऱ्याखोट्याला साक्षीदार लागतो, तसा छतालाही लागतो, असे त्याचे म्हणणे. म्हणून मधल्या तुळईखाली एक दगडी पाट बसवलेला होता. ज्याने मंडप पक्का म्हटला, त्याने मोठ्या सुनावणीच्या दिवशी त्या पाटावर बसायचे. बरीच वर्षे माणसे बसलीही. पुढे एकाला ताप आला म्हणून त्याने मुलाला बसवले. दुसऱ्याने आपले पागोटे पाठवले. पागोटे म्हणजे माणूसच, असे सगळ्यांनी मानले. तेव्हापासून पाटावर पागोटेच बसू लागले. त्याचा अवमान होऊ नये म्हणून शेजारी चोपदार उभा करायचा आणि पागोट्याच्या धन्याने स्वतः सांगेपर्यंत त्याने हलायचे नाही. चार वर्षांपूर्वी त्या पाटावर सुताराचेच मुंडासे होते. तो स्वतः त्या दिवशी घरी हुरडा खात होता.

सुतार सभेपुढे गेला. "मधली तुळई गेली, सरकार. दोन्ही टोकं पोकळ आहेत. बाजूच्या एकीला जोड द्यावा लागेल. चार महिन्यांचं काम आहे. तोवर मंडप बंद ठेवा."

"आठ दिवसांनी कालव्याच्या पाण्याची सुनावणी आहे," प्रधान म्हणाला. "वरचा गाव आणि खालचा गाव, दोन्ही येणार. पुढे ढकलली तर कोयते निघतील. ते रक्त तू पुसणार का?"

"मग वडाखाली घ्या."

"न्याय वडाखाली! उद्या म्हणशील, राजाला झोपडीत बसवा."

"निदान चार टेकू लावू द्या."

"दोन गावांसमोर मंडपाला कुबड्या? लोक काय म्हणतील?" प्रधान हसला. "एकशे दहा वर्षं उभा आहे तो. आणखी आठ दिवस उभं राहायला त्याला काय धाड भरलीय? तू आपला 'पक्का' म्हण आणि मुंडासं ठेव. मागच्या वेळी ठेवलंसच की."

सुताराचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "ठेवलं. चुकलो. आता ज्याला मंडप पक्का वाटतो, त्यानं बसावं."

"बसेल," प्रधान म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मंडपाच्या दारावर कागद लागला. मंडप पक्का आहे, असे त्यावर लिहिले होते. खाली सभेची मोहोर होती. नाव कोणाचेच नव्हते. टेकू आले नाहीतच, उलट शोभेसाठी मधल्या तुळईला एक नवे पितळी झुंबर टांगले. ते उचलायला चार माणसे लागली होती.

सुनावणीचा दिवस उजाडला. दोन्ही गावे आत आली, दाटीवाटीने बसली. वृद्ध न्यायाधीश आसनावर बसले. चोपदाराने झाकलेले तबक आणले, त्यातले जरीचे पागोटे पाटावर ठेवले आणि तो शेजारी ताठ उभा राहिला.

दारात उभ्या सुताराची नजर वर होती. झुंबर हळूच हलले. वारा नव्हता. छताच्या रंगाला एक केसाएवढी भेग पडली आणि पागोट्याच्या जरीवर पिवळा भुसा पडला.

"न्यायाधीश महाराज!" सुतार ओरडला. "पागोटं आलं, डोकं कुठे आहे?"

लोक हसले. खालच्या गावची एक म्हातारी म्हणाली, "डोकं घरी असंल बाबा. शहाणं असंल तर घरीच असंल!"

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चोपदाराला विचारले, "हे कोणाचं?"

"झाकून आलं, महाराज. ठेव म्हणाले, ठेवलं."

न्यायाधीश उठले. "जो स्वतः बसायला धजत नाही, त्याच्या शब्दावर मी या लोकांना बसवणार नाही. चला, बाहेर. धावू नका. आधी पोरं, मग म्हातारी माणसं."

दोन्ही गावे, आठ दिवसांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेली, एकमेकांची पोरे काखेत घेऊन बाहेर पडली. शेवटी न्यायाधीश आले. चोपदार आला नाही.

"ये बाहेर!" सुतार दारातून ओरडला.

"पागोट्यापाशी उभा आहे मी."

"ये म्हणतो ना! न्यायाधीशांनीच सांगितलंय."

"न्यायाधीशांनी लोकांना सांगितलंय. मला धन्यानं सांगायला हवं." चोपदाराने पागोट्यावरचा भुसा झटकला. "माझ्या आधीचा चोपदार हलला होता, आठवतं ना? सभेनं त्याच्या पोराबाळांसकट त्याला घराबाहेर काढलं. तू जा, हुकूम आण. मी काय पळून जातोय?"

सुतार धावला. सभेचे सातही जण समोरच्या वडाखाली उभे होते. आत एकही नव्हता.

"सरकार, चोपदाराला बाहेर बोलवा. एक शब्द सांगा!"

प्रधानाने दुसऱ्याकडे पाहिले. "मी कसा बोलावू? पागोटं माझं नाही."

"मग कोणाचं आहे? कोणीही म्हणा माझं! त्या माणसासाठी म्हणा!"

दुसरा म्हणाला, माझे नाही. तिसऱ्याने मान हलवली. चौथा जमिनीकडे पाहत राहिला. माझे म्हणणे म्हणजे त्या कागदावर आपले नाव घालणे, हे सातही जणांना कळत होते. सुतार सातव्यापर्यंत पोचला नाही. मंडपात लाकूड कडाडले. तो वळून दाराकडे धावला आणि उंबऱ्यावर असतानाच झुंबर, तुळई आणि छत एकदम खाली आले.

ढिगारा उपसायला दोन्ही गावे लागली. संध्याकाळी चोपदाराचे प्रेत सापडले. तो पाटावर ओणवा पडला होता. त्याच्या छातीखाली पागोटे होते. पागोट्याला साधे खरचटलेही नव्हते.

पुढे मंडप नव्याने उभा राहिला. तुळया सुतारानेच बसवल्या, पण हातून हत्यार सुटेपर्यंत तो पुन्हा हसला नाही. आता तिथे पाटावर जिवंत माणूस बसल्याशिवाय सुनावणी होत नाही. ते पागोटे दारातल्या खुंटीवर टांगलेले आहे. दर सुनावणीला आधी न्यायाधीश विचारतात, "हे कोणाचं?" मग थोडा वेळ थांबतात आणि कामाला लागतात.

म्हणून लक्षात ठेवावे : जे छत पक्के म्हणून आपण दुसऱ्याला दाखवतो, त्याखाली आधी आपण बसावे.

राहता राहिली एक गोष्ट. छत पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सभा भरली, तेव्हा सातही जणांच्या डोक्यावर पागोटी होती, जणू कोणाचेच हरवले नव्हते.