धुडकू पाटकऱ्याचा चोर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. सांगणाऱ्यांचं त्यावर एकमत नाही, आणि त्यावाचून गोष्टीचं काही अडतही नाही.

खानदेशात एका नदीकाठी एक गाव होतं. नदीवर दगडी बंधारा होता. बंधाऱ्यातून पाट निघायचा, सगळं शिवार फिरायचा आणि शेवटच्या शेतात जाऊन संपायचा. पाटाखालची जमीन साठ घरांची, पण पीक सगळ्यांचं एकच. एकाचा गहू तर साठांचा गहू. पाणी द्यायला मात्र साठ माणसं जात नसत. एकच माणूस जाई. त्याला पाटकरी म्हणत.

पाटकऱ्याचं काम दिसायला सोपं. पाटाची कड फावड्याने वीतभर फोडायची, शेताला दारं, म्हणजे पाणी आत शिरायची वाट, द्यायचं. शेत भिजलं की चिखलाने दारं बुजवायचं आणि पुढच्या शेताकडे निघायचं. वीत म्हणजे वीत. कमी नाही, जास्त नाही.

धुडकू हा त्या गावचा पाटकरी. वीस वर्षं त्याने पाणी दिलं. असं म्हणतात की तो कधी मोजत नसे. फावडं मारलं की वीतच पडे. धुडकूला त्याचा अभिमान होता. तो चारचौघांत हात वर करून सांगे, "ह्या हाताला भाऊ नाही आणि वैरी नाही."

पाटाच्या अगदी शेवटी कौतिकबाई नावाच्या म्हातारीचं शेत होतं. एकदा सकाळी ती हातात ज्वारीचं धाट घेऊन पाटावर आली. धाट बरोबर वीतभर कापलेलं होतं.

"धुडकू, तुझा हात आजारी आहे का रे?"

"का गं मावशी?"

"नाही, सगळ्या शिवारात बरा असतो. तुझ्या शेताशी आला की सुजतो."

आजूबाजूचे लोक हसले. धुडकू लालबुंद झाला.

"माझ्या तोंडावर मला चोर म्हणतेस?"

"मी कशाला म्हणू? हे धाट म्हणतंय. चल, मोज."

धुडकूने साठही दारी मोजली. एकोणसाठ ठिकाणी धाट चपखल बसलं. त्याच्या स्वतःच्या शेताशी मात्र धाटाशेजारी दोन बोटं जागा उरली. शेजारी पाण्याच्या मागच्या पाळीचं बुजवलेलं दारं होतं, त्याचा चिखल उकरला. तिथेही दोन बोटं.

धुडकूने धाट पुन्हा लावून बघितलं. त्याने हे ठरवून केलं नव्हतं. ठरवून चोरी केली असती तर ठरवून सोडता आली असती. जी आपल्याला माहीतच नाही ती सोडायची कशी?

पारावर गाव जमलं. लोटन पाटील म्हणाले, "अरे, दोन बोटांचं काय घेऊन बसलास? आम्ही असतो तर दोन हात फोडलं असतं." सगळे खदखदून हसले. धुडकू हसला नाही.

"पाटील, माझ्या आत कोणीतरी बसलाय. वीस वर्षं माझ्याच हाताने चोरतोय आणि मला कळू देत नाही. गव्हाच्या शेवटच्या पाण्याआधी मी त्याला धरतो. नाही धरला, तर ते पाणी मी देणार नाही."

आता कोणी हसलं नाही. त्या साली नदी रोडावली होती. शेवटचं पाणी म्हणजे दाणा भरायचं पाणी. पुढच्याने दोन बोटं जास्त घेतली तर मागच्याचा गहू वाळणार, आणि सगळ्यांत मागे होती कौतिकबाई.

धुडकूने शोध सुरू केला. त्याला वाटलं, चोर माझ्या शेतासाठी चोरतो, तर शेतच नको. त्याने शेत धाकट्या भावाला, सुकलालला देऊन टाकलं. पुढच्या पाळीला दारं मोजलं. सुकलालच्या शेताशी दोन बोटं जास्त.

मग त्याने शेत परत घेऊन गावाच्या हवाली केलं आणि सुकलालला म्हणाला, "आजपासून मला कोणी भाऊ नाही." सुकलाल चार दिवस जेवला नाही. गावात मात्र लोक म्हणू लागले, वा रे धुडकू, केवढं मन! काही म्हणाले, येडा झालाय. पुढच्या पाळीला धुडकूने सगळी दारी मोजली. वा म्हणणाऱ्यांकडे एक बोट जास्त. येडा म्हणणाऱ्यांकडे एक बोट कमी.

"असं होय!" धुडकू दात आवळून म्हणाला. "बघतोच तुला."

त्याने ठरवलं, जिच्यावर अन्याय झाला तिच्याकडेच सगळं लक्ष लावायचं. त्या पाळीला कौतिकबाईचं शेत असं भिजलं की गहू आडवा झाला. म्हातारी गुडघाभर चिखलातून वर आली.

"अरे मेल्या, माझा गहू लोळवलास!"

"मावशी, तुझ्यावर इतकी वर्षं अन्याय..."

"म्हणून आता मला बुडवून तू देवमाणूस होणार? तुझा चोर भारी हुशार आहे बघ. आधी पाणी चोरत होता, आता नाव चोरायला लागला."

हे ऐकून दुसरा कोणी असता तर फावडं टाकून घरी गेला असता. धुडकू गेला नाही. तो थेट पाटात उतरला आणि पाण्यात बसला. असं म्हणतात की सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, नऊ दिवस तो तिथे बसत होता. बगळे त्याच्या खांद्यावर बसून मासे टिपत. तो फावडं उचलायचा, अर्ध्यात थांबायचा आणि आत बघायचा. कोण म्हणालं, उचल? पुन्हा उचलायचा, पुन्हा थांबायचा.

त्याला दिसलं की भेगाळलेली जमीन डोळ्यांना दिसते, घसा कोरडा पडतो, हात उठतो. एवढ्यात कुठेच कोणी नसतं. पाणी शेतात शिरल्यावर मात्र एक जण लगबगीने येतो आणि म्हणतो, मी दिलं. लग्नाच्या पंगती उठल्यावर एखादा पाहुणा मांडवात उभा राहून सांगतो ना, माझ्यामुळे पार पडलं, तसा. धुडकूने त्या पाहुण्याचा हात धरायला बघितलं. हातात काही येईना. नुसतं बोलणं होतं, बोलणारा नव्हता. नवव्या दिवशी त्याला स्वतःचे पाय कळेनासे झाले. गार आहे ते पाणी की पाय, हे त्याला सांगता येईना.

तरी तो उठून म्हणाला, "दिसलं. पण दिसून भागणार नाही."

दहाव्या दिवशी शेवटचं पाणी सोडायचं होतं. सगळं गाव पाटावर जमलं होतं, आणि बंधाऱ्याकडून ओरड आली. तळाचा मोठा दगड निसटला होता. माणूस बसेल एवढं भगदाड पडलं होतं आणि साठवलेलं पाणी धडाधडा नदीत चाललं होतं. लोकांनी धोंडे टाकले, काटेरी फांद्या टाकल्या. पाण्याने सगळं ओढून नेलं.

धुडकू भगदाडात शिरला. पाय दगडांना लावले, पाठ पाण्याला लावली. पाणी थांबलं.

"पाणी सोडा!" तो आतून ओरडला.

"अरे, पण देणार कोण?" लोटन पाटील म्हणाले. "पाटकरी तर तू!"

"तुम्ही द्या. पण ज्याचं शेत त्याने फावडं धरायचं नाही. आपल्या शेताकडे पाठ करा आणि दुसऱ्याचं दारं फोडा."

"आणि वीत? आमच्या हाताला वीत कुठे आहे?"

"माझ्याही कुठे होती!"

कोणी हलेना. पुढच्याने जास्त फोडलं तर मागे काय पोचणार, हाच विचार प्रत्येकाच्या डोक्यात. मग जिचं शेत सगळ्यांत शेवटी, ती कौतिकबाई पुढे आली. तिने फावडं उचललं आणि पहिलं दारं फोडलं, लोटन पाटलांच्या शेताचं. पाटलांनी खाली बघितलं. धाट लावायची गरज नव्हती, वीतच होती. मग पाटलांनी दुसरं फावडं उचललं आणि पुढच्या शेताकडे गेले. मग सुकलालने उचललं. मग सगळ्यांनी.

असं म्हणतात की त्या दिवशी साठही दारी वीतभर पडली आणि मोजलं कोणीच नाही. ज्याच्या शेतात पाणी शिरे त्याच्या आधी दारं फोडणाऱ्याच्या घशाला गारवा लागे. बायका सांगत, आमची तहान कुठली आणि जमिनीची कुठली, काही कळत नव्हतं. ऊन उतरायला लागलं तेव्हा पाणी कौतिकबाईच्या शेतात पोचलं. ते दारं पाटलांनी फोडलं.

कौतिकबाई धापा टाकत बंधाऱ्यावर आली. "धुडकू, शेवटचं शेत भिजलं. ये बाहेर. चोर सापडला का रे?"

भगदाडातून हसण्याचा आवाज आला. "लई शोधला मावशी. पाणी अडलंय, शेतं भिजलीत. ह्यात तो बसेल कुठे? जागाच नाही."

लोकांनी त्याला ओढून काढायला हात घातले. हाताला पाठ लागली नाही, खांदा लागला नाही. बंधारा सलग होता, आणि दगड माणसाच्या अंगासारखा ऊन होता. कोणी सांगतात, तो पाण्याबरोबर वाहून गेला आणि खालच्या गावांत पाटकरी झाला. गाव ते मानत नाही.

त्या गावात गव्हाचं शेवटचं पाणी अजून तसंच देतात. त्या दिवशी पाटकऱ्याला सुट्टी. प्रत्येक जण दुसऱ्याचं दारं फोडतो आणि ज्याचं शेत तो बांधावर पाठ करून उभा राहतो. ऐकायला सोपं वाटतं, पण एकदा उभं राहून बघावं. पाणी मागे खळखळत असतं आणि मान आपोआप वळते. दर वर्षी कोणाची तरी वळतेच. मग शेजारचा ओरडतो, "धुडकू, चोर आला रे!" सगळं शिवार हसतं. ज्याची मान वळली तोही हसतो, आणि पुन्हा पाठ करून उभा राहतो.