आधी वळवून दाखवा

निम्मं गाव गाडी चालवायला शिकलं ते वत्सला खांबेटेबाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. वयामुळे स्कूल बंद केल्यावर बाईंचे हात शिवशिवू लागले, तेव्हा गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळण्यासाठी जोडून तयार असलेला कम्प्युटर घ्यावा म्हणून त्या उदयशेठच्या शोरूममध्ये गेल्या.

शेठनी आधी नातवाचं वय विचारलं.

"मलाच खेळायचंय," बाई म्हणाल्या.

शेठ दयेने हसले आणि रंगीत दिव्यांनी लखलखणारं, दुकानातलं सर्वांत महाग मशीन त्यांनी पुढे केलं. पडद्यावर लाल गाडी घाटातून सुसाट निघाली होती.

"काकू, यातलं तुम्हाला कळायचं नाही. माझ्यावर विश्वास ठेवा."

"ठेवला. आता गाडी जरा डावीकडे घ्या."

शेठनी बटण दाबलं. गाडी उजवीकडे वळली.

"बरं, ब्रेक मारा."

गाडीने वेग वाढवला. एव्हाना गिऱ्हाइकं गोळा झाली होती, आणि पडद्यावर गेम नसून नुसता व्हिडिओ चालू आहे हे सगळ्यांनाच कळलं होतं.

"हा डेमो आहे हो," शेठ घाम पुसत म्हणाले. "पैसे भरून घरी न्या, मग वळेल."

"आमच्याकडे उलटं असतं, शेठ," बाई शांतपणे म्हणाल्या. "आधी गाडी वळवून दाखवायची, लायसन्स नंतर."