मुकिंदाचा हात

एका गावात मुकिंदा नावाचा एक भोळा गडी होता. काम सांगितलं, की सांगितलं तस्संच करायचा. तीच तर पंचाईत होती.

गावच्या शाळेत पोरांना गुलाबी दूध मिळायचं. पाकिटातलं. साखर इतकी, की पाकिटाभोवती मुंगळ्यांची शाळा भरायची. पोरं घरी भाकरीला तोंड लावेनात. दुसरीतल्या निम्म्या पोरांच्या दाढा किडल्या. मुकिंदाची वहिनी गिरजा चिडली. तिनं गावातल्या बाया जमवल्या. ठरलं, की पोरांना गावच्याच गाईंचं साधं, बिनसाखरेचं दूध मिळालं पाहिजे.

वहिनी म्हणाली, "भावजी, घरोघर जाऊन सह्या आणा. एकही घर सोडायचं नाही!"

पहिल्याच घराला कुलूप होतं. मंडळी लेकीकडे गेलेली. मुकिंदा दिवसभर पायरीवर बसून राहिला.

"सही?" वहिनीनं विचारलं.

"ते सोमवारी येणारेत. तुम्ही म्हणालात, घर सोडू नका."

"अहो, कुलूप दिसलं की माघारी फिरायचं!"

"बरं."

सह्या मग बायांनीच गोळा केल्या. वहिनीनं अर्ज देऊन मुकिंदाला शाळेत धाडलं. फाटक सताड उघडं होतं, पण कडीला कुलूप लोंबत होतं. हेडमास्तर आतून ओरडले, "या, या!" मुकिंदा कुलूप बघून माघारी फिरला.

वहिनीनं कपाळावर हात मारला. "कुणी या म्हटलं की आत जायचं! देतील ते गोड मानून घ्यायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी तो आत गेला. हेडमास्तरांनी गुलाबी दूधच पुढं केलं. मुकिंदानं चार पाकिटं संपवली.

"कसं आहे?"

"गोड!"

हेडमास्तरांनी लगेच वहीत लिहिलं, 'पालकांना दूध पसंत.'

"अहो, घात केलात!" वहिनी रडकुंडीला आली. "दुधाचं कुणी विचारलं, तर नको म्हणायचं. कितीही आग्रह होऊ दे, नको म्हणजे नको!"

"बरं."

शेवटी ग्रामसभा भरली. तालुक्याहून अधिकारी बाई आल्या. त्यांनी विचारलं, "गावच्या गाईंचं दूध द्यायचं का पोरांना?"

मुकिंदा ताडकन उठला. "नको!"

"का हो?"

"कितीही आग्रह करा. नको म्हणजे नको!"

वहिनीनं त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. "तोंड मिटा! नुसता हात वर करा. मी सांगेपर्यंत खाली घेऊ नका!"

बाईंनी मतं मोजली. बाजूनं एकशे बारा हात. विरोधात एक. मुकिंदाचा. तो खाली आलाच नव्हता.

"ठराव मंजूर!"

बायांनी एकच गलका केला. वहिनी तर फुगडीच घालायला लागली. मुकिंदाला सांगायचं राहूनच गेलं.

बाईंनी विचारलं, "रोज सकाळी दूध शाळेत कोण पोचवणार?"

एक हात वर.

"उकळणार कोण?"

तोच हात.

"दोनशे पेले कोण विसळणार?"

तोच हात. बाईंचे डोळे पाणावले. "असा माणूस मी तालुक्यात पाहिला नाही! आता दूध समितीचं अध्यक्षपद कोण घेणार?"

सगळं गाव वहिनीकडे बघायला लागलं. वहिनीनं लाजून मान खाली घातली. कुणीतरी नाव सुचवेल म्हणून थांबली.

हात वरच होता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंच आणलेला हार त्याच्या गळ्यात घालायला गेले, तर तो त्या वर केलेल्या हातातच अडकला. वहिनी पुढं धावली.

"अहो भावजी, खाली घ्या तो हात!"

मुकिंदानं हात खाली घेतला. खांदा चोळला. मग हळूच विचारलं, "वहिनी, काय ठरलं हो शेवटी?"