गुळगुळीत ढब्बू कुणाचा?

एक घासलेला तांब्याचा ढब्बू पैसा. भंगारवालाबी हातात धरंना, असला. त्यो शेवटी केवढ्याला गेला? करा अंदाज! वळकलंत तर ही माजी उजवी मिशी तुमची. न्हाई वळकलं तर गप ऐकायचं. मधी खोकायचं न्हाई.

बोरटेकच्या आप्पासाहेब जहागीरदारांनी शहरातनं एक यंत्र आणलं. लांब दांडा, खाली थाळी, कानाला दोन वाट्या. जमिनीत धातू असला की टुंई! वाडवडलांनी सोन्याचा हंडा पुरलाय, ह्यात आप्पासाहेबांना शंका नव्हती. कुटं पुरलाय, तेवढं सांगायचं वाडवडील इसरले.

आठवडाभर यंत्राला काय घावलं? बैलाचा नाल, इळ्याचं पातं आन् बाटल्यांची पत्र्याची बुचं. मग गोजराच्या भुईमुगात टुंई झालं. तिठ्यापाशी, बांधाच्या कोपऱ्यावर. उकरलं तर ह्यो ढब्बू!

गोजरा म्हंजी भिका माळ्याची लेक. रान आप्पासाहेबांचं, घाम हिचा, शेंगा निम्म्यानिम्म्या. दाणा अजून दुधात व्हता.

"पैसा वर, म्हणजे हंडा खाली!" आप्पासाहेब गरजले. "सोमवारी जेसीबी लावतो. आख्खं रान पालथं घालतो!"

"सरकार, शेंगा निघूस्तवर दम धरा की."

"धन दम धरत नसतं! सरकतं खाली!"

"पर ह्यो पैसा तुमच्याच वाडवडलांचा कशावरनं? बाजाराला जाताना कुणाचाबी पडला आसंल."

आप्पासाहेबांनी तालुक्यातनं टिळेकर मास्तर बोलावले. नाण्यांचे जाणकार. मास्तरांनी नाणं भिंगातनं बघितलं, चिंच लावून घासलं, उन्हात धरलं, पालथं केलं. पालथं केल्यावरबी तसंच गुळगुळीत.

"इंग्रजी अमलातला तांब्याचा पैसा," मास्तर म्हणाले. "राणीचा का राजाचा, सांगता येत नाही. तोंडच उरलेलं नाही."

"ते मरू द्या! कुणाच्या खिशातला होता, ते सांगा!"

"साहेब, पैशावर पाडणाऱ्याचं नाव असतं. हरवणाऱ्याचं नसतं."

आप्पासाहेब पेटले. "गोजरे, ऐक! सोमवारपर्यंत हा पैसा कुणाचा ते पुराव्यानिशी सांग. सांगितलंस तर तुझ्या शेंगांना हात लावत नाही. नाहीतर जेसीबी!"

गोजरानं पैशाला हात लावला न्हाई. लांबनंच इचारलं, "सरकार, ह्याच्या संगं काय घावलं?"

"काळं खापर. कोळसा."

"आन् ह्यो तुमी हातानं उचललात?"

"नाही, चोचीनं!"

"आन् खिशात ठिवलात?"

"परवापासून खिशातच आहे. का गं?"

"अगं बया!" म्हणाली, आन् मागं सरकली. "तिठ्यावरचा उतारा हाय ह्यो! कुणाच्यातरी अंगावरनं दुखणं उतरून टाकलेला. उचलंल त्याला त्ये दुखणं लागतं."

"असल्या गोष्टींवर आमचा विश्वास नाही!" आप्पासाहेब म्हणाले. मग पैसा हळूच टेबलावर ठेवला आन् हात धोतराला पुसला.

"नसू द्या. पर वळकायचं सोपं झालं. पैशाचं तोंड झिजलं, दुखणं झिजत न्हाई. सोमवारपतूर तुमाला काय हुतंय, बगू. ज्याचं दुखणं, त्याचा पैसा!"

"हे शास्त्रात बसत नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं, मग सदऱ्याकडं बघितलं, आन् सदरा बदलायला जे घरी गेले ते आलेच न्हाईत.

सोमवार उगवला. जेसीबी बांधावर घुरघुरतोय. त्याचा डायवर हुकूम घ्यायला बंगल्यावर आला, मागनं गोजराबी आली.

"सरकार, काय हुतंय का?"

"काही नाही! ठणठणीत!"

"मग हात पाठीमागं कशाला?"

"डास."

"सदऱ्याच्या आत?"

"अगं, झोप नाही मला!" आप्पासाहेब फुटले. "खाजतंय! मधोमध, जिथं हात पोचत नाही तिथंच!"

"घावला मालक!" गोजरानं भिंतीवर बोट दावलं. "थोर माणसाचा हात तसबिरीत तलवारीवर असतोय. तुमच्या आजोबांचा कुटं हाय?"

समदे बघाय लागले. आजोबांच्या तसबिरीत तलवार एकटीच लोंबत व्हती. आजोबांचा उजवा हात पाठीमागं. चेहरा असा, की आत्ता घावंल, आत्ता घावंल! आन् तसबिरीखाली नातू. हात तसाच, चेहराबी तसाच.

"जुळलं," डायवर म्हणाला.

"म्हणजे पैसा आजोबांचाच!" आप्पासाहेब उडाले. "इंग्रजाचा काळ, तेही जुळतंय! मग हंडाही आमचाच! शब्द गेला उडत, लाव रे जेसीबी!"

"लावा की!" गोजरा म्हणाली. "हक्काचंच हाय. पर आजोबांना काय खाजच हुती व्हय? गुडघा आसंल, उचकी आसंल, मूळव्याध आसंल. थोरामोठ्याचं घर, दर अवसंला उतारा. टाकायची जागा तीच. चांगला हंडाभर निघंल! यकूण यक पैसा तुमच्या वाडवडलांचा. मी टोपली धरते, तुमी उचला!"

डायवरनं बांधावर जाऊन इंजन बंद केलं. त्याला कुणी सांगितलं न्हवतं.

आप्पासाहेबांनी तसबिरीकडं बघितलं, गोजराकडं बघितलं, आन् जे हसाय लागले, ते खुर्चीतनं घसरले. "जिंकलीस पोरी! रान तुझं सुटलं. पण हा एवढा एक तरी काढ माझ्या पाठीवरनं!"

"उतारा दुसऱ्यानं खुशीनं घ्यावा लागतोय. कोण घेनार?"

गडीमाणसं आढ्याकडं बघाय लागली.

"मी घेते," गोजरा म्हणाली. "पर फुकट खुशी हुत न्हाई सरकार."

तिनं पैसा उचलला, आन् आप्पासाहेबांची पाठ तिथल्या तिथं गार पडली. गोजराला खाजलं का? इचारू नका. तिच्या तागडीचं एक पारडं हलकं व्हतं, त्याला तिनं त्यो ढब्बू बांधला. शेंगा इकताना काटा सरळ.

मिशीला हात लावू नका, वळकलं न्हाई तुमी. आप्पासाहेबांना त्यो एक पैसा पडला त्या सालातल्या त्यांच्या वाट्याच्या समद्या शेंगांना, आन् वर त्ये टुंईचं यंत्र.