एक परवाना, दोन नावं

“सदोबा कासारा, तुला बायका दोन!” दप्तरदार ओरडला.

सदोबा मटकन खालीच बसला. एकीशीच बिचाऱ्याचा जेमतेम महिनाभर संसार झालेला, दुसरी कुठून आणणार?

राज्य दुर्जयसेन राजाचं, भर समुद्रातल्या बेटावर. देवळांच्या घंटा ओतायला राजानं परमुलखातून कासार बोलावले होते. लग्नानंतर महिन्याभरातच सदोबा इकडे आला. त्याचं काम पाहून त्याला ‘कायम रहिवासी’ असा तांब्याचा बिल्ला मिळाला. बिल्लेवाल्याला बायको आणता येई. एकच, आणि तीही परवान्यानं! आता परवाना देऊ नये यासाठीच जणू राजाचं परवान्यांचं दप्तर उघडलं होतं. पहिल्या वर्षी अर्ज परत आला, कारण शाई काळी होती. दुसऱ्या वर्षी आला, कारण शाई निळी होती. तिसऱ्या वर्षी नवराबायकोची पत्रं मागवली, सगळ्या कारकुनांनी चवीनं वाचली आणि वर शेरा मारला, ‘पत्रांत एकही भांडण नाही. लग्न खरं वाटत नाही.’

तिकडे बायकोनं सोळा सोमवार केले. उद्यापन झालं की पुन्हा धरले. सातव्या वर्षी महादेवानं ऐकलं. तिला बेटावर येऊन जबानी द्यायचा हुकूम निघाला. ती नावेतून उतरते न उतरते, तोच हे!

दप्तरदारानं दोन कागद तिच्या नाकापुढे फडकवले. “जन्माच्या दाखल्यावर आवडा, कोंडाजीची मुलगी. लग्नाच्या कागदावर गोमती, सदोबाची बायको. यातली तू कोण?”

“दोन्ही मीच, दादा. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यावर नवं नाव लिहायचं.”

“तांदळावर? शिक्का कुठाय? ते तांदूळ हजर करा!”

“अहो, त्या तांदळाचा भात होऊन सात वर्षं झाली!”

दप्तरदाराला हसू आलं नाही. दप्तरात तशी सोयच नव्हती. प्रकरण राजापुढे गेलं.

राजा मोठा हट्टी. दिलेला हुकूम मागे घ्यायचा म्हणजे त्याला भर दरबारात अंगरखा उलटा घालण्यासारखं वाटे. त्यानं दोन्ही कागद पाहिले आणि मांडीवर थाप मारली. “कागद कधी खोटं बोलत नाही! उद्या दोघींना दरबारात उभं करा. गोमती इथं राहील, आवडा परत जाईल. एकच आली, तर दुसरी लपवली असं आम्ही धरू. मग सदोबाचा बिल्ला जप्त, आणि नवराबायको दोघं पहिल्या नावेनं बेटाबाहेर. पुन्हा इथं पाय ठेवायचा नाही!”

बाहेर येताच सदोबा रडकुंडीला आला. “अगं, शेजारच्या कोळणीला विनवू का? घटकाभर उभी राहील तुझ्याशेजारी.”

“म्हणजे मग खरंच दोन होतील! अहो, तुम्ही काही करू नका. नुसते गप्प उभे राहा. ते तुम्हाला छान जमतं.”

दुसरा दिवस सोमवार. तिनं महादेवाला बेल वाहिला, उपाशीपोटीच पदर खोचला आणि दरबारात जाऊन उभी राहिली. एकटी!

“दुसरी कुठे आहे?” राजा गरजला.

“दोघी आल्यात, महाराज.”

“मला तर एकच दिसते!”

“तुमच्या डोळ्यांना एक दिसते, तुमच्या दप्तराला दोन दिसतात. यात खोटं कोण, ते मी गरिबानं कसं सांगावं?”

दरबारात खसखस पिकली. दप्तरदारानं कागदात तोंड लपवलं. राजाचे कान तांबडे झाले. “बाई, शब्दांचे खेळ पुरे! हुकूम म्हणजे हुकूम! गोमती राहील, आवडा जाईल!”

“अगदी मान्य!” बाईनं हात जोडले. “पण पाळायचा तर पुरा पाळा, महाराज. आवडेला नावेत बसवलंत, तर गोमतीही निघाली. मग ‘राहील’ हा शब्द मोडला. गोमतीला ठेवून घेतलंत, तर आवडाही राहिली. मग ‘जाईल’ हा शब्द मोडला. आता कोणता मोडायचा, बोला!”

“आम्ही शब्द मोडत नाही!”

“ठाऊक आहे. म्हणून तर मी निर्धास्त आले.”

राजानं दाढी खाजवली. प्रधानाकडे पाहिलं. प्रधान छताकडे पाहू लागला.

“मग तूच सांग, करायचं काय?”

“सोपं आहे! आवडा म्हणजे कोंडाजीची लेक. तिला नागपंचमीला माहेरी पाठवा. ‘जाईल’ हा शब्द पाळला. चार दिवस झोके घेऊन झाले की सदोबांच्या गोमतीला सासरी आणा. ‘राहील’ हाही पाळला. आणि महाराज, राजाचा शब्द एकदाच पाळून कसं चालेल? दरवर्षी पाळा!”

सदोबा पहिल्यांदाच हसला. चटकन तोंडावर हात ठेवला.

दप्तरदार मात्र घाईघाईनं पुढे आला. “महाराज, परवान्यावर रकाना एकच आहे. जाणारी की येणारी? ही तर दोन्ही! काय लिहू?”

“बाई, याचंही उत्तर दे.”

“त्यात काय लिहायचंय! आमच्याकडची बाई घरातून निघताना ‘जाते’ म्हणतच नाही. ‘येते’ म्हणते!”

राजा खो खो हसत सुटला. हसता हसता मुकुट कानावर आला, तो सावरायचंही भान राहिलं नाही. “लिही रे, ‘येणारी’! कायमची! दर पंचमीला आमची खास नाव हिला माहेरी नेईल आणि परत आणील. आणि दप्तरदार, हिचं गाठोडं दोन्ही वेळा तुम्ही उचलायचं!”

दप्तरदारानं मान खाली घालून शिक्का मारला. बाईनं परवाना कपाळाला लावला, सदोबाला डोळ्यांनी ‘चला’ म्हणून खुणावलं आणि दाराशी जाऊन वळून म्हणाली,

“येते हं, महाराज!”