कासवीची दृष्ट

पूर्वी कृतयुगात, कवी अजून जन्मायचे होते आणि त्यांच्यासाठी उपमा मात्र आधीच सिद्ध करून ठेवण्याची वाग्देवीला घाई झाली होती, त्या काळी गोदावरीच्या दक्षिण तीरावर औपमायन नावाचे महातपस्वी ऋषी राहत असत. कदंब-बकुळांच्या छायेने शीतल झालेला, होमधूमाने सुगंधित आणि मयूरांच्या केकारवाने निनादणारा तो आश्रम म्हणजे शांतीचे माहेरच होते. ऋषी मात्र शीघ्रकोपी. तपाने इंद्रिये जिंकली होती, पण नाकावरचा राग तेवढा जिंकायचा राहिला होता.

वाग्देवीच्या आज्ञेवरून त्यांनी सकल प्राणिमात्रांना बोलावले. प्रत्येकाला एकेक अर्थ मिळायचा होता. जो येणार नाही, त्याला कवींच्या वाणीत कधीच स्थान नव्हते. सभेचा नियम एकच होता. ऋषींच्या मुखातून अर्थ उच्चारला जात असता कोणी त्यांच्यावरून नजर काढायची नाही. हंसाने डोळे रोखले, त्याला नीरक्षीरविवेक मिळाला. चकोराला चंद्राची ओढ मिळाली, चातकाला निष्ठा, गायीला वात्सल्य. बगळ्याला खरे तर ध्यान मिळायचे, पण ऐन वेळी डोहात मासोळी चमकली, बिचाऱ्याची नजर तिकडे गेली आणि पदरात ढोंग पडले. ते त्याला अजून निस्तरता आलेले नाही.

शेवटी आली स्थिरा नावाची कासवी. पैलतीरावरच्या वाळूत तिची पिल्ले त्याच पहाटे अंड्यांतून बाहेर पडली होती. त्यांना वाळूत ठेवून यायला तिचे मन घेत नव्हते. पण आपल्या कुळाला जगाच्या वाणीत काहीच अर्थ उरू नये, हेही तिला सोसवेना. ‘जाते आणि येते,’ असे पिल्लांना सांगून ती पोहत आली होती.

ऋषींनी उजवा हात उचलला. “हे जलचरी, तुझ्या ठायी...”

एवढ्यात पैलतीरावर एका घारीची सावली फिरली आणि स्थिरेची मान वळली.

“उद्धटे,” ऋषी गरजले, “माझ्या वाणीपेक्षा तुला तो वाळूचा ढीग मोलाचा वाटतो? ज्या तीरावर तुझी नजर गेली, त्या तीराला तुझे पाय पुन्हा लागणार नाहीत.”

स्थिरा पाण्यात उतरली. प्रवाहाने तिला मध्यापर्यंत नेले आणि आणून पुन्हा याच काठावर ठेवले. ती पुन्हा उतरली, पुन्हा परतली. अखेर थकून काठाशी बसली आणि पलीकडे पाहू लागली. ऊन चढत होते, पिल्लांची हालचाल मंदावत होती, आणि तिला पापणी मिटवण्याचा धीर होत नव्हता.

ऋषिपत्नी अनुरूपा हे सारे पाहत होत्या. त्या पतीजवळ येऊन म्हणाल्या, “आर्यपुत्र, आपण समाधीत असता तेव्हा बाळाच्या पाळण्याकडे कोण पाहत असे? मी होमकुंडापाशी बसायची आणि मान माझी पाळण्याकडे असायची. मलाही शाप द्यायचा होतात.”

ऋषींचा राग आला तसा उतरला. ते स्वतः उठून कासवीपाशी गेले. “बाई, चूक माझी झाली. पण सत्यव्रतीचा शब्द माघारी येत नाही. उःशाप माग.”

“महाराज, मागू काय? मला स्तन नाहीत की पान्हा फुटावा, पंख नाहीत की उडून जावे. माझ्यापाशी आहेत ते दोन डोळे. पण सकाळपासून मी पिल्लांकडे एकटक बघते आहे, आणि आईचीच दृष्ट आधी लागते म्हणतात. तेवढी लागू नये, एवढेच द्या.”

ऋषींच्या डोळ्यांत पाणी आले. मग कमंडलूतले जल हाती घेऊन ते म्हणाले, “नाही. लागू दे. जगाची दृष्ट बाधते. स्थिरे, तुझी दृष्ट लेकरांच्या अंगी लागेल. जवळच्या मायेचा अर्थ मी गायीला दिला. लांबून करायच्या मायेला अजून कोणी नव्हते. ती तुझी.”

त्या क्षणी पैलतीरावरच्या पिल्लांनी माना उचलल्या. त्यांच्या मुखात दुधाचा थेंब नव्हता की शेवाळाचा तंतू नव्हता, तरी ती टवटवीत झाली आणि तुरुतुरु पाण्याकडे धावत सुटली. स्थिरेला आता पैलतीर गाठायची गरजच उरली नव्हती. पाणी तर दोन्ही तीरांचे होते. पिल्लेच पोहत तिच्यापाशी आली.

तेव्हापासून कासवी अंडी वाळूत ठेवून पाण्यात उतरते आणि नजरेने पिल्ले वाढवते. पुढे जे कवी जन्मले, त्यांना लांबून पोसणाऱ्या कृपेसाठी हीच उपमा सापडली. आणि अजूनही जेवणाऱ्या लेकराकडे आई टक लावून बसली, आणि कोणी म्हणाले, “अगं, दृष्ट लागेल त्याला,” तर ती नजर काढत नाही. म्हणते, “लागू दे. माझीच आहे, अंगी लागेल.”